मर्क्युरीचं छप्पर कापणारा सॅम बॅरिस, आणि जुन्या कस्टम गाड्यांचे बाकीचे कारागीर

कानस

हॉट रॉडच्या धाग्यावर बोलता बोलता कस्टम गाड्याही त्याच माळेत ओवल्या गेल्या, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. दोन्ही प्रकार कॅलिफोर्नियातले, साधारण एकाच काळातले, एकाच वयाच्या पोरांनी वाढवलेले. पण वेड निरनिराळं.

हॉट रॉडवाल्याला वेग हवा. मडगार्ड, बंपर, जे काढता येईल ते काढायचं, इंजिनावर मेहनत घ्यायची आणि म्युरॉक नाहीतर एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर जाऊन ताशी किती मैल निघतात ते बघायचं. कस्टमवाला चार पावलं मागे सरून गाडीच्या कडेची रेघ बघायचा. गाडी लांब दिसली पाहिजे, बुटकी दिसली पाहिजे, एकाच पत्र्यातून काढल्यासारखी दिसली पाहिजे. त्यासाठी बॉनेटवरची शोभेची मूर्ती, कंपनीची अक्षरं, दाराच्या मुठी, मडगार्ड आणि बॉडीमधली फट, सगळं काढून भोकं बुजवायची. मुठी गेल्यावर दार उघडायचं कसं? दाराच्या आत सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खटका, बसवायचा आणि बटण बाहेर कुठेतरी दिसणार नाही असं लपवायचं.

आधी हे श्रीमंतांचंच काम होतं. हॉलिवूडमध्ये हार्ले अर्ल वडिलांच्या कारखान्यात सिनेनटांसाठी खास बॉड्या बांधायचा. फॅटी आरबकल आणि टॉम मिक्स ही त्याची गिऱ्हाइकं. पुढे १९२७ची ला साल ही गाडी त्याने रेखाटली आणि जनरल मोटर्सने त्याला कायमचं ठेवून घेतलं. ज्या पोरांना असली बॉडी परवडणं शक्यच नव्हतं, ती जुनी फोर्ड किंवा शेव्हरोले घेऊन भंगारच्या अड्ड्यावर जायची. पॅकार्डची जाळी, डिसोटोचा बंपर, कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीचे दिवे. सॅक्रामेंटोचा हॅरी वेस्टरगार्ड हा या पहिल्या पिढीतला मोठा कारागीर. त्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून फोर्ड आणि तिच्याच कंपनीच्या मर्क्युरी गाड्यांच्या तोंडाला पॅकार्डची उभी जाळी अशी काही बसवली की मूळची गाडी तशीच निघाली असावी असं वाटावं.

वेस्टरगार्डच्या आसपास घुटमळत जी पोरं शिकली त्यात सॅम आणि जॉर्ज बॅरिस हे भाऊ होते. ग्रीक आईबापांची मुलं, जन्म शिकागोचा, आईवडील लहानपणीच गेल्यामुळे सॅक्रामेंटोजवळच्या रोझव्हिलला नातेवाइकांकडे वाढलेली. नातेवाइकांच्या खानावळीत मदत केल्याबद्दल त्यांना १९२५ची एक जुनी ब्यूक मिळाली, तिच्यावर त्यांनी पहिला हात चालवला. युद्धात सॅम नौदलात होता. युद्ध संपल्यावर दोघांनी लॉस एंजेलिसच्या बाजूला दुकान टाकलं.

आता छप्पर कापण्याबद्दल. खरी कसोटी तिथे लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. छप्पर पेलणारे खांब आडवे कापायचे, मधला तीन-चार इंचांचा तुकडा काढायचा आणि छप्पर खाली आणून पुन्हा जोडायचं. पण खांब ताठ उभे नसतात. पुढचे मागे झुकलेले, मागचे पुढे झुकलेले, सगळेच थोडे आत कललेले. छप्पर सरळ खाली उतरवलं की वरचं एकही टोक खालच्या टोकाला भिडत नाही. मग एकतर छप्पर मधून चिरून लांब-रुंद करायचं, नाहीतर खांब आणखी कलते करायचे. काचांची तऱ्हा वेगळी. पुढची काच दोन थर चिकटवलेली असते, ती कापता येते. मागची वळणदार काच टेम्पर्ड असेल तर कापायला गेल्यावर तिचा चुरा होतो. म्हणून ती तशीच ठेवून पुढे आडवी करायची, आणि तिच्याभोवतीचा सगळा पत्रा नव्याने घडवायचा. हे सगळं ऑक्सि-ॲसिटिलिन ज्योतीवर, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकडा होण्याची भीती क्षणोक्षणी.

१९४९ची मर्क्युरी बाजारात आली ती जाड, गोलसर, खांद्याला भरदार. छप्पर मात्र त्या मानाने उंच. सॅमने १९५०च्या सुमारास स्वतःची मर्क्युरी कापली. हे मॉडेल कापणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी तो एक. मग १९५२ साली बॉब हिरोहाता या तरुणाने आपली १९५१ची मर्क्युरी बॅरिस यांच्याकडे दिली. सॅम आणि फ्रँक सोनझोनी यांनी तिचं छप्पर पुढून चार आणि मागून सात इंच उतरवलं, दारांमधला खांब काढून टाकला, खिडकीच्या वळणदार चौकटी हाताने घडवल्या. बाजूला १९५२च्या ब्यूकची क्रोमपट्टी, मागे लिंकनचे दिवे, वरच्या अंगाला समुद्रफेसासारखा फिकट हिरवा आणि पट्टीखाली गडद हिरवा. त्याच वर्षी मोटोरामा प्रदर्शनात ती आली आणि आजही कस्टम गाडी म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यांपुढे पहिली तीच उभी राहते.

गाडीवर नाव लागलं ते बॅरिस, आणि जगाने त्याचा अर्थ लावला जॉर्ज. जॉर्ज बोलका, फोटो काढणारा, मासिकांत लिहिणारा. सॅमने १९५०च्या दशकाच्या मध्यावर दुकान सोडलं, तो सॅक्रामेंटोकडे परतला आणि १९६७ साली कर्करोगाने गेला. जॉर्ज २०१५पर्यंत जगला आणि दूरचित्रवाणी मालिकांसाठी बनवलेल्या गाड्यांमुळे घरोघरी पोचला. माझं स्पष्ट मत आहे की या कलेचा गाभा पत्र्यात आहे आणि त्यात सॅमच्या तोडीचा माणूस त्या पिढीत नव्हता. तुमचं मत वाचायला आवडेल.

---

गवतीचहा

फार छान लिहिलंय. गाड्यांतलं मला कमी कळतं, तरी छपराचा परिच्छेद दोनदा वाचला. एक शंका. जोड दिल्यावर सांधा दिसणारच ना? तेव्हा आजच्यासारखी लांबी (पुट्टी) होती का भरायला?

---

पत्रेवाला_सातारा

गवतीचहा ताई, याचं उत्तर मी देतो, आमचं घरचं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे.

आज मिळते ती दोन घटक कालवून लावायची लांबी पुढे आली. या लोकांनी शिसं वापरलं. निव्वळ शिसं नाही, साधारण ७० भाग शिसं आणि ३० भाग कथील. यात गंमत अशी की हा मिश्रधातू १८३ अंशाला मऊ व्हायला लागतो आणि पूर्ण पातळ व्हायला सुमारे २५५ अंश लागतात. मधल्या टप्प्यात तो लोण्यासारखा थापता येतो. कारागिराची सगळी हुशारी त्या मधल्या टप्प्यात राहण्यात. ज्योत जरा जास्त लागली की सगळं खाली गळतं, कमी पडली की ढेकळं होतात.

पद्धत अशी: पत्रा चकचकीत घासायचा, फ्लक्स लावायचा, आणि आधी कथलाचा पातळ हात द्यायचा. थेट आपली कल्हई. कल्हई न धरलेल्या जागी शिसं बसतच नाही, वर्षभराने रंगाखाली फुगतं. मग कांडी तापवून मऊ केलेलं शिसं लाकडी थापीने पसरवायचं. थापी चिकटू नये म्हणून तिला मेण किंवा चरबी चोळायची. गार झालं की मोठ्या दातांच्या वाकड्या कानशीने आकार काढायचा. ग्राइंडर फिरवायचा नाही, शिशाची धूळ छातीत जाते. कानशीचे कण जड असतात, खाली पडतात.

आमच्या वडिलांनी अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाटवर झाळकाम केलंय, ते सांगायचे की उभ्या पृष्ठभागावर शिसं थापता आलं तर मिस्त्री. कानसराव, सॅम बॅरिसबद्दल तुम्ही म्हणता ते मला पटतं. चौकट हाताने घडवणं आणि दारं पुन्हा नीट बंद होणं, हे फोटोत कळत नाही.

---

कानस

पत्रेवाला, झकास! एक भर घालतो. चांगला कारागीर शिसं कमीत कमी वापरायचा. पत्र्याला पत्रा अचूक भिडवून, वेल्ड हातोडी-ठोकळ्याने ठोकून सपाट करायचा, आणि शेवटच्या केसभर फरकापुरतंच शिसं. बरबँकच्या व्हॅली कस्टम शॉपचे नील एमरी आणि क्लेटन जेन्सन यांची त्यासाठी ख्याती होती. त्यांचं सर्वांत अवघड काम म्हणजे सेक्शनिंग: छप्पर तसंच ठेवायचं आणि गाडीच्या धडातूनच आडवी पट्टी काढायची, चारही बाजूंनी. दारं, मडगार्ड, पुढचा भाग, सगळं एका उंचीवर कापून पुन्हा जोडायचं. रॉन डन याची १९५०ची फोर्ड त्यांनी अशी केली. ती गाडी बघून काय बदललंय ते पटकन सांगता येत नाही, इतकी ती स्वाभाविक दिसते. माझ्या दृष्टीने हीच या कामाची सर्वांत मोठी पावती.

---

सॅक्रामेंटोकर

मी गेली बरीच वर्षं इथेच राहतो, त्यामुळे वेस्टरगार्डचं नाव मराठीत वाचून फार आनंद झाला. पण जॉर्जच्या बाबतीत कानस यांच्याशी माझं जमत नाही.

१९४८च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एक्स्पोझिशन पार्कमधल्या आर्मरीत हॉट रॉडचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. हॉट रॉड मासिकाचा पहिला अंकही तेव्हाच निघाला. त्या सगळ्या वेगाच्या गाड्यांच्या गर्दीत जॉर्ज आपली १९४१ची ब्यूक घेऊन गेला, जिला वेगाशी काही कर्तव्य नव्हतं. आमच्या कामालाही या मंडपात जागा आहे, हे त्याने तिथे ठामपणे मांडलं. पुढे त्याने स्वतः कॅमेरा हातात घेतला, स्वतःच्याच नव्हे तर इतरांच्याही गाड्यांचे फोटो काढले, मासिकांना लेख दिले. काम कसं करायचं हे टप्प्याटप्प्याने छापून आल्यामुळे ओहायोतल्या किंवा टेक्ससमधल्या पोराला घरच्या गॅरेजमध्ये हात घालता आला.

आणि हेही लक्षात घ्या की १९५७च्या डिसेंबरमध्ये बॅरिस यांच्या लिनवुडमधल्या दुकानाला आग लागली, कितीतरी गाड्या आत जळाल्या. त्या काळच्या बऱ्याच कामाचा आज जो पुरावा आहे तो छापील फोटोंच्या रूपात. ते फोटो कुणी तरी काढले म्हणूनच आपण सॅमची स्तुती करू शकतो.

---

कानस

सॅक्रामेंटोकर, फोटोंचा मुद्दा पूर्ण मान्य. जॉर्जची नजरही उत्तम होती, रंग आणि जाळीची निवड बहुधा त्याची. माझा आक्षेप त्याच्यावर नाही, पुढच्या सांगणाऱ्यांवर आहे. एका आडनावाखाली सगळा काळ गुंडाळला की इतर माणसं गळतात.

उदाहरणार्थ गिल आणि अल आयाला. मेक्सिकन वंशाचे भाऊ, ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिक बुलेव्हार्डवर त्यांचं दुकान. वॉली वेल्चची १९५०ची मर्क्युरी त्यांनी केली, आणि काही बाबतीत ती मला हिरोहाताच्या गाडीपेक्षा जास्त आवडते. छपराचा उतार मागच्या डिकीत विरघळत जातो. त्यांचं काम बॅरिसपेक्षा कमी दर्जाचं नव्हतं, त्यांच्यावर लिहिलं मात्र त्या मानाने फार थोडं गेलं.

दुसरा जो बेलॉन, सॅन फ्रान्सिस्को बे परिसरातला. त्याची १९४१ची शेव्हरोले ‘मिस एलेगन्स’ या नावाने प्रदर्शनांत गाजली. त्याचं मोठं देणं म्हणजे कँडी रंग. आधी सोनेरी किंवा चंदेरी धातूचा थर, त्यावर लाल रंगाचे पारदर्शक हात, एकावर एक. उजेड वरच्या थरांतून आत जातो, खालच्या धातूवर आपटून परत येतो, म्हणून रंगाला खोली येते. प्रत्येक हात सारखा पडला नाही तर डाग दिसतात, आणि एखादी जागा नंतर दुरुस्त करायची तर शेड जुळणं महाकठीण. १९५०च्या दशकात हे जमवायला त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले.

---

रानवारा

वाचतोय. थोडा विरोधी सूर लावतो. मला जुन्या गाड्या जशाच्या तशा जपलेल्या आवडतात. चांगली शाबूत मर्क्युरी कापून टाकायची, म्हणजे इतिहास नष्ट करणंच झालं. त्या गाडीचाही कुणी तरी रचनाकार होता.

---

कानस

रानवारा, रचनाकार होता, आणि त्याची गोष्ट इथे फिट्ट बसते. त्या मर्क्युरीच्या आकाराचा पाया बॉब ग्रेगरी याने घातला. त्याने १९३०च्या दशकात एड्सेल फोर्डसाठी खास एकेकट्या बुटक्या स्पीडस्टर बनवल्या होत्या. म्हणजे फोर्डचा मालकच कस्टमचा शौकीन होता आणि त्याचा रचनाकार त्याच वृत्तीचा.

शिवाय १९५२ साली १९५१ची गाडी कापणं म्हणजे पुराणवस्तूला हात लावणं नव्हे. ती रोजच्या वापरातली, रस्त्यावर लाखोंनी दिसणाऱ्या जातीची गाडी होती. आज कुणी धडधाकट मूळ गाडी कापायला निघाला तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

उलट नष्ट झाल्या त्या कस्टमच. निक मॅट्रांगाची १९४० मॉडेलची मर्क्युरी घ्या. बॅरिस दुकानात तयार झालेली, खिडकीच्या मागच्या कोपऱ्याचं ते प्रसिद्ध वळण जिच्यावर दिसतं ती. काही वर्षांतच ती गेली, आज फोटो आणि नंतर केलेल्या प्रतिकृती उरल्यात. हिरोहाताची गाडी वाचली ती एका शाळकरी वयाच्या मुलामुळे. जिम मॅकनील याने १९५९ साली ती ५०० डॉलरला घेतली. तेव्हा ती जुनी फॅशन झाली होती, कुणाला नको होती. त्याने काही काळ वापरली, मग झाकून ठेवली, पण विकली नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याने ती पुन्हा हाती घेतली आणि सावकाश मूळ रूपात आणली. २०१५ साली पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या मानाच्या स्पर्धेत कस्टम मर्क्युरींचा वेगळा वर्ग ठेवला होता, त्यात ती पहिली आली. जिथे पूर्वी रोल्स आणि बुगाटींशिवाय कुणाला मान नसे, तिथे. जानेवारी २०२२ मध्ये लिलावात १९.५ लाख डॉलरची बोली लागली, शुल्क धरून २१ लाखांच्या वर.

इतकी वर्षं पैशाचा मोह न धरता ती जपणारा मॅकनील मला सॅमइतकाच या कथेतला माणूस वाटतो.

---

रानवारा

ही माहिती नवीन होती. मॅकनीलबद्दल वाचून बरं वाटलं. मूळ गाडीच्या बाबतीत मी माझ्या मतावर कायम आहे, पण १९५२चा संदर्भ लक्षात आला.

---

सॅक्रामेंटोकर

आयाला बंधूंचा विषय निघालाच आहे तर लोरायडर, म्हणजे जमिनीलगत उतरवलेल्या गाड्या, विसरून चालणार नाही. गाडी खाली आणायला आधी मागे लांब शॅकल (स्प्रिंग टांगायच्या कड्या) किंवा ठोकळे घालायचे, पुढच्या स्प्रिंग कापायच्या, आणि ॲक्सल आपटू नये म्हणून चासीला खालून खाच द्यायची. मग १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियात नियम आला: बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. पोलीस रस्त्यात थांबवून मोजायचे, आणि त्याचा जाच मेक्सिकन वस्त्यांतल्या तरुणांना फार झाला.

त्यावर सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरेने १९५९ साली आपल्या कॉर्व्हेटला, तिचं नाव एक्स-सोनिक, विमानांच्या सुट्या भागांतले हायड्रॉलिक पंप लावले. बटण दाबलं की गाडी कायद्यात, पुन्हा दाबलं की जमिनीलगत. पुढची सगळी लोरायडर परंपरा यावर उभी राहिली. तो नियम शेवटी रद्द झाला १ जानेवारी २०२४ला. त्या दिवसांत इथल्या लोरायडर क्लबांतल्या वयस्क मंडळींशी बोललो होतो, कितीतरी जणांचे डोळे भरून आले होते.

२०१७ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ऐतिहासिक गाड्या ठेवल्या होत्या. त्यात हिरोहाताची मर्क्युरी होती आणि ईस्ट लॉस एंजेलिसची ‘जिप्सी रोझ’ ही १९६४ची इम्पाला लोरायडरही. हे दोन प्रवाह एकत्र दाखवले गेले याचं मला फार मोल वाटतं.

---

पत्रेवाला_सातारा

आपल्याकडे हे करायचं म्हटलं तर अवघड आहे, हे नव्या पोरांसाठी सांगून ठेवतो, कारण आमच्याकडे विचारायला येतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. छप्पर कापणं, चासीला हात लावणं विसरा. रंग बदलायचा तरी आरटीओत नोंद करावी लागते.

पण स्वतःच्या हाताने गाडी घडवायची हौस आपल्याकडे नव्हती असं कुणी समजू नये. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतः बांधली, वर्षानुवर्षं सुधारत नेली. कारखान्यातून ती कधी निघाली नाही, ही आपली हळहळ.

---

कानस

मीरा म्हणजे आख्खी गाडीच नव्याने उभी करणं, हे तर आणखी मोठं धाडस. पत्रेवाला, त्यावर वेगळा धागा काढा, तुमच्या भागातल्या जुन्या मिस्त्रींकडून ऐकलेलं सगळं त्यात येऊ द्या. मी नक्की लिहीन.

---

गवतीचहा

शेवटची शंका. कानस यांनी सांगितल्यावर जुने फोटो शोधून बघत बसले. काही उघड्या टपाच्या गाड्यांवर पांढरं, गुबगुबीत, गादीसारखं छप्पर दिसतं. ते घडी होऊन मागे जात असेल असं वाटत नाही.

---

कानस

बरोबर ओळखलंत. ते कार्सन टॉप. लॉस एंजेलिसमध्ये कार्सन टॉप शॉप होतं, तिथला ग्लेन हाउझर ते शिवायचा. कन्व्हर्टिबलची पुढची काच कापून बुटकी केली की कंपनीचं घडीचं कापड बसत नाही, आणि बसवलं तरी सांगाड्याच्या काड्या वर टेंगळांसारख्या दिसतात. म्हणून त्याने घडी हा प्रकारच काढून टाकला. पक्का सांगाडा, त्यावर भरण, वर ताणून शिवलेलं कापड. गाडीची रेघ पुढच्या काचेपासून डिकीपर्यंत सलग उतरते. काढायचं तर अख्खं उचलून घरी ठेवायचं, तेही दोघांनी मिळून. निघताना ठरवायचं, आज टप घ्यायचा की नाही. कॅलिफोर्नियात वर्षातले बरेच महिने पाऊसच नसतो, म्हणून तिथे हे चाललं.